तुतीच्या गावातल्या बायका

चीनमधल्या ताइ सरोवराच्या आग्नेय काठावर काइशिएनगोंग नावाचं एक खेडं आहे. नावाचा अर्थ, प्रत्यंचा ओढलेलं धनुष्य. गावातून वाहणाऱ्या एका ओढ्याला धनुष्यासारखा बाक आहे आणि दुसरा ओढा बाणासारखा त्याला छेदून जातो, म्हणून हे नाव. शांघायपासून पश्चिमेला सव्वाशे-एक किलोमीटर. प्रांत च्यांगसू, आणि वूच्यांग हा आपल्या हिशेबाने तालुका. मी तिथे गेलेली नाही, जाण्याचा योग येईलसंही वाटत नाही. पण या खेड्याविषयी जेवढं बारकाईने लिहून ठेवलेलं आहे तेवढं आपल्या बेळगाव भागातल्या एखाद्या गावाविषयी मला वाचायला मिळालेलं नाही. आणि त्यातलं पुष्कळसं बायकांविषयी आहे. म्हणून हे तुम्हाला सांगावंसं वाटतं.

आधी जमीन बघा. ताइ सरोवर अफाट आहे, दोन हजार चौरस किलोमीटरांहून मोठं. पण खोली किती, तर सरासरी दोन मीटर. म्हणजे परातीत पाणी ठेवल्यासारखं. भोवतालचा मुलूख सपाट, डोंगर नाही, खडक नाही. पाणी वाहतं की थांबलंय ते कळत नाही असे शेकडो ओढे आणि कालवे. बांध घालून पाणी बाहेर अडवायचं आणि आत भात लावायचा, ही तिथली शेती. मधला खळगा भाताचा आणि भोवतीच्या उंचवट्यावर तुती. घरांच्या पाठी ओढ्याला टेकलेल्या; मागच्या दारी पायऱ्या, पायरीला होडी. आपल्याकडे गाव रस्त्याच्या दोन्ही अंगांनी वाढतं, तिथे ते पाण्याच्या दोन्ही अंगांनी वाढलं.

1935 सालच्या गणतीत गावात 360 घरं होती आणि माणसं 1,458. जमीन 3,065 मौ. मौ हे तिकडचं माप. आपल्या हिशेबाने साडेसहा गुंठ्यांच्या आसपास. म्हणजे घरटी साडेआठ मौ, दीड एकरसुद्धा पुरतं नाही. तीही सगळी आपली म्हणावी तर तसं नव्हतं. जमिनीचे दोन थर मानलेले. वरचा थर कसणाऱ्याचा, खालचा थर मालकाचा. हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण कायदा असाच होता. वरचा थर ज्याचा, त्याला सहजासहजी कुणी उठवू शकत नसे. खालचा थर मात्र शहरातला सावकार विकत घेऊन मोकळा व्हायचा आणि आपली जमीन नेमकी कुठे आहे हे त्याने कधी पाहिलेलंही नसायचं. गावाच्या खालच्या थरापैकी दोन तृतीयांश अशा गावाबाहेरच्या मालकांकडे गेला होता. आपण शेतकऱ्यांच्या लेकी-सुना. कुळकायद्याच्या आधीच्या गोष्टी घरात ऐकलेल्या. खंड म्हणजे काय ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दीड एकरात, त्यातला खंड देऊन, चार-पाच माणसांचं घर चालत नाही. भात पोटापुरता. मीठ, तेल, कपडा, लग्न, मर्तिक यांना लागणारा रोकडा पैसा कुठून यायचा, तर रेशमातून. आणि रेशीम हे बायकांचं काम.

रेशमाचा विषय निघाला की आपल्यातल्या बायकांची थोडी अडचण होते, हे मी जाणून आहे. कोषातून पतंग स्वतः बाहेर पडला तर धागा तुटतो. अखंड धागा हवा तर आतला जीव गरम पाण्यात किंवा वाफेत मारावा लागतो. आमच्या आजीने या कारणासाठी उभ्या आयुष्यात रेशीम अंगाला लावलं नाही. तिच्या सुनांनी इरकलीचा रेशमी पदर मिरवला, आणि नाती तर कांजीवरमपर्यंत पोचल्या. तो वाद इथे काढत नाही. पण रेशमाचं नाव आणि चीन यांची जोड आपल्याकडे फार जुनी आहे, एवढं सांगते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चीनपट्ट आहे, कालिदासाच्या शाकुंतलात चीनांशुक आहे आणि आपल्या प्राकृत आगमांत तोच शब्द चीणंसुय होऊन आलेला आहे. म्हणजे ज्यांनी ते वर्ज्य म्हटलं त्यांनाही ते चांगलं ठाऊक होतं.

आता काइशिएनगोंगच्या घरात चला. वसंतात अंडी फुटली की घरातला पुरुष दुय्यम. अळ्या इतक्या बारीक असतात की तुतीचं पान तंबाखूसारखं चिरून घालावं लागतं. साधारण चार आठवड्यांत त्या चार वेळा कात टाकतात. शेवटच्या आठवड्यात तर रात्रंदिवस खातात. त्यांच्या खाण्याचा आवाज पानांवर पाऊस पडल्यासारखा येतो, असं ज्यांनी ऐकलंय ते सांगतात. या दिवसांत त्या भागात शेजारीपाजारीही एकमेकांकडे जात नसत. मोठ्याने बोलायचं नाही, उग्र वासाचं काही शिजवायचं नाही. अळ्यांना आजही तिथे 'रेशीमबाळ' म्हणतात. बाळंतिणीच्या खोलीचे आपले नियम आठवा, तसंच काहीसं. मग कोष झाले की चुलीवर आधण, त्यात कोष, आणि बाई हाताने धागा काढत बसलेली. हा धागा चेनत्से गावच्या बाजारात जायचा.

चेनत्से हे चारेक मैलांवरचं बाजारगाव. ताइ सरोवराचं प्राचीन नाव हेच. ते पुढे गावाला चिकटलं. आसपासच्या कितीतरी खेड्यांचं रेशीम आणि भात तिथे गोळा व्हायचं. खेडं आणि बाजारगाव यांच्यामधला दुवा म्हणजे अडतीची होडी. काइशिएनगोंगला अशा चार होड्या होत्या. सकाळी होडी ओढ्यातून निघायची. काठावरच्या घराघरातून बायका हाका मारायच्या: एवढं तेल आण, एवढं मीठ, ही बाटली घे, हे पैसे घे. होडीवाला सगळं तोंडपाठ ठेवायचा. दुपारपर्यंत चेनत्सेच्या दुकानांतून वस्तू घ्यायच्या आणि संध्याकाळच्या आत ज्याची त्याला दारात पोचवायची. त्याबद्दल गिऱ्हाइकाकडून एक पैसा घ्यायचा नाही! होडीतून जाणाऱ्या माणसालाही भाडं नाही. त्याला मिळकत दुसरीकडून होती: दुकानदार त्याला सणासुदीला भेट द्यायचे, आणि गावाचं रेशीम-भात विकून दिलं की त्याची दलाली सुटायची. वस्तीच्या गाडीच्या कंडक्टरकडे डबा आणि निरोप देणाऱ्या आपल्या खेड्यातल्या बायकांना ही व्यवस्था एका वाक्यात कळेल. या होड्यांमुळे गावात मोठं दुकान उभंच राहिलं नाही. शेजारचं दुकान महाग आणि चार मैलांवरचं स्वस्त, असा उलटा न्याय.

आणखी एक ओळखीची गोष्ट तिथे सापडते, भिशी. एखाद्याला एकदम रक्कम हवी असली की तो नात्यातल्या आठ-दहा जणांना गोळा करायचा. मामा, बहिणीचा नवरा, सासरची माणसं. पहिली रक्कम त्याची, मग पाळीपाळीने एकेकाची. वर्षातून दोनदा बैठक, एक रेशीम विकून झाल्यावर आणि एक भात घरात आल्यावर, कारण पैसा तेव्हाच असतो. बैठकीला जेवण. आपल्या भिशीत आपण खाण्यावरून हसतो-भांडतो, पण भिशी मुळात कशासाठी असते ते तिथे लख्ख दिसतं. भिशी मोडली की माणूस सावकाराच्या दारात, एवढंच अंतर.

हे सगळं ज्याने लिहून ठेवलं त्याचं नाव फेई श्याओतोंग. जन्म 1910, याच वूच्यांग तालुक्यातला. समाजशास्त्र शिकलेला. 1935 सालच्या शेवटी तो आपल्या नव्या बायकोबरोबर, वांग तोंगहुई तिचं नाव, दक्षिणेच्या क्वांगशी प्रांतातल्या डोंगरी याओ लोकांचा अभ्यास करायला गेला. रानात वाट चुकली. वाघासाठी लावलेल्या सापळ्यात तो अडकला आणि जबर जखमी झाला. मदत आणायला वांग तोंगहुई एकटी निघाली, ती परत आली नाही. ओढ्यात बुडालेलं तिचं शरीर नंतर सापडलं. लग्नाला चार महिनेही झाले नव्हते. काठीच्या आधाराने चालू लागल्यावर 1936 च्या उन्हाळ्यात तो विश्रांतीला काइशिएनगोंगला आला आणि दोनेक महिने राहिला. त्या दोन महिन्यांतून जे पुस्तक झालं ते 1939 साली लंडनमध्ये इंग्रजीत छापलं गेलं. प्रस्तावना त्याच्या गुरूंची, मालिनोव्स्कींची. अर्पणपत्रिका बायकोला.

तो याच गावात का आला, याचं कारण त्याची बहीण. आणि खरं सांगायचं तर मला भावापेक्षा बहिणीचीच गोष्ट अधिक ओढते.

फेई दाशेंग 1903 सालची. सूचौजवळच्या मुलींच्या रेशीमशाळेत शिकली, तिथून जपानला जाऊन यंत्रावर रेशीम काढण्याचं शिक्षण घेतलं आणि 1923 साली परत आली. त्या वेळी जपानी रेशमाने चिनी रेशमाला बाजारात मागे टाकलं होतं. घरी काढलेला धागा जाडबारीक निघे, अमेरिकेतल्या गिरण्यांना तो चालत नसे. त्यात अळ्यांचे रोग. वाईट वर्षी शंभरातल्या तीसच अळ्या कोष करीपर्यंत जगत. 1924 साली ही वीस-एकवीस वर्षांची मुलगी शाळेतल्या सहकाऱ्यांबरोबर होडीतून या गावात उतरली. आधी निर्जंतुक अंडी, मग लहान अळ्या एकत्र वाढवण्याची सोय. आपल्याकडे रेशीमशेती करणाऱ्यांना चॉकी म्हटलं की कळतं, तेच. आणि 1929 साली गावातच वाफेवर चालणारी रेशीम गिरणी. मालक गावकरी, सहकारी तत्त्वावर. भांडवलासाठी प्रांताच्या शेतकरी बँकेचं कर्ज. सभासदाने कोष गिरणीला द्यायचे, थोडी रक्कम तेव्हा, उरलेली नंतर.

पहिल्या वर्षी नफा वाटला. मग जगाची मंदी आली. रेशमाचे भाव कोसळले, कृत्रिम रेशीमही बाजारात उतरलं होतं, आणि नफा वाटणं थांबलं. गावकरी मालक होते खरे, पण मालकी म्हणजे काय याचा त्यांना अनुभव नव्हता; नफा मिळेना तेव्हा त्यांचा गिरणीतला रस कमी झाला. आपल्या साखर कारखान्यांच्या सभासदांना हे वाचून हसू येईल की डोळ्यांत पाणी, मला सांगता येत नाही.

पण यातलं सगळ्यात टोचणारं गणित बायकांचं आहे. पूर्वी गावातल्या निदान 350 बायका घरी बसून रेशीम काढत. तेवढंच काम गिरणीत सत्तराहून कमी बायका करू लागल्या. उरलेल्यांचं काय? दाशेंगने गिरणी काढली ती गावातल्या बायकांची मिळकत वाचावी म्हणून, शहरातल्या गिरणीमालकाने खेडं गिळू नये म्हणून. आणि यंत्राने बहुतेक बायकांच्या हातचं काम काढून घेतलं. भावाने पुस्तकात हे लपवलं नाही. बहिणीच्या कामाचं कौतुक करताना त्याने हा आकडाही मांडला, याचं मला फार वाटतं. घरातल्या माणसाच्या कामाबद्दल असं लिहायला धैर्य लागतं.

ज्या सत्तर जणींना काम मिळालं त्यांचं मात्र घरातलं वजन बदललं. पूर्वी बाईने काढलेलं रेशीम घरातला कर्ता विकायचा, पैसा घराचा. आता मजुरी तिच्या हातात, तिच्या नावाने. फेईने एक लहानसा प्रसंग नोंदवला आहे. पाऊस आला तरी नवरा छत्री घेऊन गिरणीत आला नाही, म्हणून एक कामकरीण त्याला चारचौघांत, भर रस्त्यात बोलली. लहान गोष्ट, पण गावात त्याची चर्चा झाली. नवऱ्याने बायकोला छत्री न्यायची असते, हीच मुळात गावाला नवी बातमी होती.

दुसऱ्या टोकाला होत्या लहान्या सुना. मुलगी तान्ही असतानाच भावी सासूने घरी आणायची, वाढवायची आणि वयात आली की मुलाशी लग्न लावायचं. लग्नाचा खर्च वाचतो. या मुलीला माहेर म्हणून उरतच नाही. मूल होऊन सासरी पडलेली, तिच्या बाजूने बोलायला कुणी नाही. गावातल्या लग्न झालेल्या बायकांत अशा 17 टक्के होत्या; लग्न न झालेल्या मुलींत 39 टक्के. म्हणजे आयांच्या पिढीपेक्षा लेकींच्या पिढीत ही चाल दुपटीहून वाढली. कारण रेशमाचा भाव. बाजारात भाव पडला आणि त्याची वसुली पाळण्यातल्या मुलीकडून झाली.

आणि काही मुली तर पाळण्यापर्यंतही आल्या नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांत गावात शंभर मुलींमागे 135 मुलगे होते. फेई सरळ सांगतो की गरिबीमुळे नवजात मुलींना मारलं जाई. हजार मुलग्यांमागे मोजलं तर साधारण 740 मुली. हे वाचून आपण शहारतो, शहारायलाच हवं. पण आपल्या 2001 च्या जनगणनेत धर्मवार आकडे आले तेव्हा जैन समाजात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 870 मुली निघाल्या. देशाची सरासरी 927. त्याच जनगणनेत स्त्रियांच्या साक्षरतेत आपण देशात पहिले, नव्वद टक्क्यांच्या वर. मुंगी मरेल म्हणून रात्री न जेवणारे आपण. तिकडे कारण भूक होतं. आपल्याकडे कोणतं होतं, ते आपापल्या घरात विचारून बघा.

पुढचा इतिहास वेगाने सांगते. 1937 साली जपानी सैन्य आलं. युद्धात गिरणी नष्ट झाली. 1949 नंतर जमीन वाटली गेली, दोन थरांचा खेळ संपला, मग सहकारी शेती, मग कम्यून. 1957 साली फेई पुन्हा गावात आला. भात वाढला होता, पण हातात पैसा कमी आला, कारण घरचे जोडधंदे बंद पडले होते. त्याने तसं लिहिलं. लेखमाला अर्ध्यातच थांबली आणि त्याच्यावर 'उजवा' असा शिक्का बसला. पुढची वीस-बावीस वर्षं तो लिहूच शकला नाही. समाजशास्त्र हा विषयच चीनच्या विद्यापीठांतून 1952 साली काढून टाकलेला होता; तो 1979 साली परत आला आणि तो उभा करायला बोलावलं कुणाला, तर यालाच. 1981 साली तो तिसऱ्यांदा काइशिएनगोंगला गेला. त्यानंतर 2002 पर्यंत जातच राहिला. एकूण 26 वेळा.

ऐंशीच्या दशकात त्याने वूच्यांगची बाजारगावंच अभ्यासाला घेतली. 1983 सालच्या त्याच्या मांडणीत प्रत्येकाचा पिंड वेगळा आहे. शेंगत्से रेशीम विणणारं, चेनत्से खेड्यांचा माल गोळा करणारं आणि वाटणारं, पिंगवांग कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या तिठ्यावरचं, तोंगली जुन्या जमीनदारांच्या वाड्यांचं, सोंगलिंग कचेऱ्यांचं. त्याचं म्हणणं असं होतं की खेड्यातल्या माणसाने शेतीबाहेरचं काम करावं, पण त्यासाठी घर सोडून शांघायला झोपडीत राहायला लागू नये. काम बाजारगावात आणा. 1930 च्या दशकात बहिणीने जे करून पाहिलं होतं तेच हे, मोठ्या प्रमाणावर. त्या वर्षांत तिथे गावोगाव लहान कारखाने निघाले आणि खरोखर पैसा आला.

पैशाबरोबर रंगाचं पाणीही आलं. शेंगत्सेच्या रंगाऱ्यांच्या कारखान्यांचं सांडपाणी प्रांताची हद्द ओलांडून खाली च्याशिंगच्या बाजूला जायचं. तिथल्यांचे मासे मरायचे. तक्रारी करून थकल्यावर नोव्हेंबर 2001 मध्ये खालच्या लोकांनी सीमेवरच्या प्रवाहात जुन्या होड्या बुडवल्या, माती टाकली आणि नदीच बंद केली! मग कुठे दोन्ही प्रांतांचे अधिकारी धावत आले. सीमेवरचं पाणी म्हणजे काय, हे आम्हा बेळगावकडच्यांना कुणी शिकवायला नको. 2007 च्या मे महिन्यात तर ताइ सरोवर शेवाळाने हिरवं झालं आणि वूशी शहराच्या नळांना दुर्गंधी सुटली. त्यानंतर काठावरचे बरेच कारखाने बंद करावे लागले.

आज काइशिएनगोंग हे चीदू या गावगटात मोडतं. त्याआधी ते म्याओगांगमध्ये होतं, 2003 साली दोन्ही एक केले. आता त्या पट्ट्यात टेलिफोनच्या काचतारा बनवणारा मोठा कारखाना आहे, सरोवरातल्या खेकड्यांचा व्यापार आहे, घराघरात स्वेटर विणण्याची यंत्रं आली. चेनत्सेत अजून रेशीम आहे, पण साडीसारख्या वस्त्राचं नव्हे. तिथल्या रेशमाच्या रजया प्रसिद्ध आहेत. अडतीची होडी रस्ते झाल्यावर आपोआप संपली.

फेई दाशेंगने 1950 साली आपल्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी, चंग पीच्यांग यांच्याशी लग्न केलं. तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. तिची सगळी हयात रेशीम शिकवण्यात गेली. एप्रिल 2005 मध्ये फेई श्याओतोंग वारला, त्याच वर्षी काही महिन्यांनी तीही गेली. वय शंभरीच्या पुढे. 2010 साली, भावाच्या जन्मशताब्दीला, गावात त्याचं स्मारक-संग्रहालय उभं राहिलं.